माझ्या मापाचं दार

आमच्या हॉलच्या ग्रिलमध्ये एक छोटं दार होतं. पंधरा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच. ते माझ्या मापाचं होतं. ड्रेसचं माप घ्यावं तसं माझं माप घेऊन ते बनवलं होतं, आणि ते माप देताना मी हसले होते.

आमची बिल्डिंग वसई पूर्वेला आहे. चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मम्मी, पप्पा आणि मी. पप्पा अंधेरीला एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. मम्मी मराठी शाळेत शिकवायची, पण मला तिने इंग्रजी शाळेत घातलं. मराठी मी तिच्याकडून शिकले, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून. ती भाजी चिरायची आणि मी माझी वही वाचून दाखवायची. बिल्डिंगमध्ये तिला सगळे टीचर म्हणत. वर्गात ती मोठ्याने बोलत असणार, पण बाहेरच्या मोठ्या माणसांशी बोलताना तिचा आवाज अर्धा व्हायचा. माझा तेवढाही निघत नाही. दुकानात मी वस्तूकडे बोट दाखवते.

मम्मी अंगाने भरलेली होती. हे वाक्य लिहितानाही तिची परवानगी घ्यावी असं वाटतं. आमच्या घरात हा विषय कधी निघाला नाही. कपड्यांच्या दुकानात ती सेल्सगर्लच्या कानाशी वाकून साइज सांगायची. शिंप्याला तिने कधी टेप लावू दिली नाही. तिचा एक मापाचा ब्लाऊज होता, मरून रंगाचा, काखेत विटलेला. वर्षानुवर्षं प्रत्येक नवा ब्लाऊज त्याच्यावरून शिवला जायचा. अंग वाढलं की घरी बसून ती त्याची एक शिवण उसवायची आणि थोडी बाहेर घेऊन पुन्हा घालायची. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून शिंप्याच्या काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "ह्याच्यासारखाच." विषय संपला.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी चोरी झाली तिथून हे सगळं सुरू झालं. चोर खिडक्यांवरच्या छज्ज्यावरून चालत आला म्हणे. आमच्याकडेही प्रत्येक मजल्याला तसाच छज्जा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दीड पाऊल रुंद. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग झाली आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडून बाहेर आलेली बॉक्स ग्रिल बसवून घ्यायचं ठरलं. सेक्रेटरीकाकांनी एक अट घातली: प्रत्येक ग्रिलला उघडणारं एक छोटं दार पाहिजे.

"दार कशाला? चोराची गैरसोय नको म्हणून?" कोणीतरी मागून म्हणालं.

"चोरासाठी नाही, आपल्यासाठी. उद्या आग लागली तर?"

"आग लागली तर जिना आहे की. आपण काय माकडं आहोत खिडकीतून उतरायला?"

"जिन्यातच आग लागली तर?"

"शुभ बोला हो."

शेवटी असं ठरलं की दार ठेवायचं, पण होईल तेवढं लहान. घरातलं माणूस बाहेर जाईल आणि चोर आत येणार नाही एवढं. वसईतले सगळे चोर आमच्यापेक्षा जाडे असतात असं धरून चालल्यासारखं. मला तेव्हाच हसू आलं होतं, पण मीटिंगमध्ये मी तोंड उघडत नाही.

ग्रिलवाल्याचा सातिवलीला गाळा होता आणि घर चिंचोटीच्या बाजूला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, हातांवर ठिणग्यांचे काळे ठिपके. त्याची माप घेण्याची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. त्याच्याकडे दोन लोखंडी काटकोन होते, एकमेकांत सरकणारे. ते पुढेमागे केले की लहानमोठी चौकट व्हायची. ती चौकट तो जिन्याच्या कठड्याला टेकवून धरायचा आणि विचारायचा, "घरात सगळ्यात आडवं कोन हाय? त्याला पयला पाठवा." त्या माणसाने चौकटीतून आरपार जायचं. अडकला की तो एक बोट सरकवायचा. पार झाला की खडूने खूण. "कागदावरचं माप खोटं बोलतं," तो म्हणायचा, "मानूस नाय बोलत."

आमच्या मजल्यावर तो आला तो रविवार होता. आम्ही नुकतेच चर्चमध्ये मिस्सा करून घरी आलो होतो आणि मम्मी साडीतच होती. समोरच्या फ्लॅटमधले काका चांगलेच मोठे आहेत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. ते पुढे झाले. डोकं गेलं, एक खांदा गेला, मग पोट अडलं.

"अहो, श्वास सोडा," काकी दारातून म्हणाल्या.

"सोडला! आता आणखी काय सोडू?"

"दुपारची झोप सोडा."

ग्रिलवाल्याने एक बोट सरकवलं, मग आणखी एक, मग आणखी. खालच्या-वरच्या मजल्यांवरचे लोक जिन्यात जमले होते. काका अखेर दोन्ही हात पुढे काढून, पोहल्यासारखे, पलीकडे पडले तेव्हा टाळ्या वाजल्या. "म्हशीचं दार झालं की हे," दुसऱ्या मजल्यावरच्या काकी म्हणाल्या. काकांनी लगेच हंबरून दाखवलं. मी वरच्या पायरीवर बसून बघत होते. हसून हसून माझं पोट दुखत होतं.

मग ग्रिलवाला आमच्या दाराकडे वळला. "टीचर, आता तुमचं घर."

पप्पांनी मम्मीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मम्मीने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. जिन्यातले सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काकांचं हसू अजून तसंच होतं.

"ही जाईल," मम्मी म्हणाली. तिचा हात माझ्या पाठीवर होता. "हिच्या मापाने करा."

"ही तर काडी हाय, टीचर. दार तुमच्यासाठी बी पायजे."

"मी शाळेत असते दिवसभर. घरी हीच असते, कामही घरूनच करते. हिच्या मापाने करा."

मी उठले आणि चौकटीतून गेले. माझं कुठेच काही अडकलं नाही. "सुई गेली सुई," काका म्हणाले, आणि मीही हसले. ग्रिलवाल्याने चौकट आणखी लहान केली, मला पुन्हा जायला सांगितलं आणि खडूची खूण केली. लहान दाराला लोखंड जास्त पक्कं बसतं, असं काहीतरी तो पुटपुटला. पप्पांना ते आवडलं.

पुढच्या घरांमध्ये सगळं सोपं झालं. टीचरने वाट दाखवली होती. दुसऱ्या मजल्यावर, म्हशीचं दार म्हणणाऱ्या त्याच काकींनी आपल्या नव्या सुनेला पुढे केलं. पहिल्या मजल्यावर एका घरातून दहावीतली मुलगी आली. ग्रिलवाला सगळ्यांना "सगळ्यात आडवं कोन?" विचारत राहिला आणि बायका त्याला घरातलं सगळ्यात बारीक माणूस देत राहिल्या.

ग्रिल बसलं. काम खरंच पक्कं होतं. "हे तोडायचं तर कटर लागंल," जाताना त्याने गजांवर हात आपटून सांगितलं. दार ग्रिलच्या डाव्या अंगाला होतं, समोरच्या काकांची खिडकीही त्याच भिंतीत होती, तिच्या बाजूला. आतून कडी आणि कडीला छोटं कुलूप. चावी पप्पांनी पडद्याच्या खिळ्याला लाल दोऱ्याने अडकवली. महिन्याभरात ग्रिल भरून गेलं. मम्मीने नंदाखालहून, तिच्या माहेराहून, मोगरा आणला, गवती चहाची रोपं आणली. एका दांडीवर कपडे वाळायला लागले. पप्पा त्याला बाल्कनी म्हणायचे.

एका दुपारी मी घरी एकटी होते. कुंड्यांना पाणी घालताना मला ते दार उघडून बघावंसं वाटलं. कुलूप काढलं, कमरेपर्यंत बाहेर झाले. खाली पार्किंग, स्कूटर, एक झोपलेलं कुत्रं. परत आत आले आणि तशीच थोडा वेळ उभी राहिले. मग मम्मीचं कपाट उघडलं, मापाचा ब्लाऊज काढला आणि त्या दारावर पसरून धरला. दोन्ही बाजूंना तो चार-चार बोटं गजांवर आला. कापड आणि अंग एकच नसतं, एवढं मला कळत होतं. अंग वळतं, हात पुढे घेता येतात. पण काका कसे अडकले होते ते मी पाहिलं होतं. मी ब्लाऊज घडीवर घडी ठेवून होता तसा परत ठेवला, शिवण त्याच बाजूला करून, म्हणजे तिला कळू नये.

त्या संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "पप्पा, ते ग्रिलचं दार..."

"काय झालं? गंज आला?"

मम्मी माझ्या ताटात वाढत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती माझ्याकडे बघेना.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

एवढं बोलायला मला कितीतरी दिवस मिळाले असते. पप्पांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. चिठ्ठी लिहिता आली असती. मी काहीच केलं नाही. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं: कुणी काही बोलू नये.

आग एप्रिलमध्ये लागली. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे मम्मी दुपारी घरी होती. मी घरूनच काम करते. साडेतीनच्या सुमाराला पंखे बंद पडले. मम्मी गाऊनमध्ये दिवाणावर पडली होती. "गेली लाइट," म्हणाली आणि वहीने वारा घ्यायला लागली. आम्ही दोघींनी काही मिनिटं तशीच घालवली. मग बाथरूममधून रबर जळल्याचा वास यायला लागला. मी दार उघडलं तर डक्टच्या खिडकीतून काळा धूर आत येत होता. धावत जाऊन मुख्य दार उघडलं. जिना दिसतच नव्हता. नुसता धूर होता आणि खालून चटचट आवाज येत होता. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत आग लागली होती आणि तिच्याभोवती लावलेल्या स्कूटर पेटत चालल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तिकडून जाता येणार नाही. मी दार लावून घेतलं.

मम्मी घाबरली नाही. ती टीचर झाली. टॉवेल भिजव, म्हणाली. दाराच्या फटीत कोंब. बाथरूम बंद कर. तिने कुंड्या उचलून आत घेतल्या, एकेक, मोगऱ्याचीसुद्धा, तुटू नये अशी. मी चावी काढली. दोरा खिळ्यावरून सुटेना, तो मी दाताने तोडला. कुलूप लगेच उघडलं. चावी शोधावी लागली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

"जा," मम्मी म्हणाली.

"तू आधी."

"मी तुझ्यामागून येते. जा."

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तरी मी गेले. माझ्या मापाचंच दार ते, एका श्वासात मी बाहेर होते. गजांना धरून पाय खाली सोडले तर छज्जा लागला. ज्या छज्ज्यावरून चोर येतात म्हणून हे ग्रिल लावलं होतं, त्यावर मी भिंतीला पाठ लावून उभी होते. काका आणि काकी त्यांच्या म्हशीच्या दारातून आधीच बाहेर आले होते. काकांनी हात लांब करून माझं मनगट धरलं.

"टीचर कुठेय?"

"येतेय," मी म्हणाले.

तिने डोकं बाहेर काढलं, मग उजवा हात आणि खांदा. मग ती थांबली. मी तिचा हात धरून ओढला. तिने बाजूला वळून पाहिलं, श्वास सोडून पाहिला. गाऊन गजाला अडकून वर सरकायला लागला. खाली रस्त्यावर माणसं जमली होती आणि बऱ्याच जणांनी मोबाइल वर धरले होते. मम्मीने मोकळ्या हाताने गाऊन खाली ओढला.

"लोक बघतायत," ती म्हणाली.

"बघू देत! मम्मी, बघू देत ना! जोर लाव!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. ती आणखी एकदा पुढे आली. खांद्याची कातडी सोलून निघाली. मग हळूहळू, एकेक अवयव सोडवून घेत, ती मागे गेली. आत जाऊन तिने ओला टॉवेल डोक्यावरून घेतला आणि तोंड गजांना लावलं. तिच्यामागे हॉलमध्ये धूर भरत होता. आधी घड्याळ दिसेनासं झालं, मग ऑल्टरवरचा क्रूस. ती गजांमधून बाहेरची हवा ओढत होती. मी गजांमधून तिची बोटं धरली होती. दोघींच्या मध्ये पंधरा इंचांचं एक दार सताड उघडं होतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मध्येच ती काहीतरी म्हणाली. मला वाटलं प्रार्थना म्हणतेय. कान लावला तर ती म्हणत होती, "खाली बघू नको." गल्लीतल्या गाड्या हटवून अग्निशमनवाल्यांची शिडी आली तेव्हा तिची बोटं सैल पडली होती. त्यांनी आधी मला उतरवलं. मी जायला तयार नव्हते, काकांनी मला उचलून दिलं. मग एकाने कटर लावला. चार गज कापावे लागले. काम खरंच पक्कं होतं.

मम्मी वाचली. हॉस्पिटलमध्ये ती बरेच आठवडे होती, त्यातले काही नळ्या लावलेले. लोक भेटायला यायचे आणि सगळे एकच विचारायचे: मुलगी बाहेर आली मग आई आत कशी राहिली? पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे, आणि म्हणाले, "चावी वेळेवर सापडली नाही." ते कसं जुळतं, हे कुणी विचारलं नाही; छज्ज्यावर माझं मनगट धरून उभ्या असलेल्या काकांनीही नाही. चावी सापडली नाही तर मी कशी निघाले? पण दुःखाच्या ठिकाणी लोक हिशेब मांडत नाहीत. मावशी नंदाखालहून शहाळी घेऊन आली आणि मम्मीच्या उशाशी बसून मला म्हणाली, "एवढी शिकलीस गं, आणि चावी कुठे टांगलीय तेवढं बघता आलं नाही?"

मम्मीच्या तोंडावर मास्क होता. तिने चादरीखालून माझा हात शोधून काढला आणि दाबला. तिने कशासाठी दाबला ते मला समजलं. तिला ते खोटं हवं होतं.

मग बिल्डिंगमध्ये सूचना लागली: ग्रिलच्या दाराची चावी खिडकीजवळ ठेवा. घरोघर चाव्या खिडकीशी आल्या. कुणी लाल रिबन बांधली, कुणी चावीवर रेडियमची पट्टी चिकटवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकींनी आपली चावी मला मुद्दाम घरात नेऊन दाखवली. "बघ, आता डोळे मिटूनसुद्धा सापडेल." मी त्यांच्या दाराकडे पाहिलं. ते त्यांच्या सुनेच्या मापाचं होतं. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. आगीच्या दुपारी काकी बाहेर गेल्या होत्या, पण एरवी त्या दिवसभर घरी एकट्या असायच्या. "छान," मी म्हणाले.

मम्मी घरी आली ती निम्मी होऊन. गाऊन खांद्यावरून घसरायचा. आवाज गेला होता. बोलली की कागद फाटल्यासारखं काहीतरी निघायचं. शाळेतून मुलांनी कार्डं पाठवली होती, ती तिने पाहिली आणि उशाखाली ठेवली. शाळेचं नाव ती नंतर काढेना. ग्रिलचे चार कापलेले गज तसेच बाहेर वाकलेले होते आणि त्यांच्यावर पप्पांनी प्लॅस्टिक बांधलं होतं. वारा आला की ते फडफडायचं आणि मम्मी दचकायची. म्हणून पप्पांनी ग्रिलवाल्याला बोलावलं.

तो पुन्हा रविवारी आला. दार उघडंच होतं. त्याने कापलेले गज पाहिले, त्यांच्यावरून बोट फिरवलं. "चावी नाय मिळाली म्हनं," तो म्हणाला. पप्पांनी मान हलवली. मग त्याने ते दोन काटकोन काढले. काकी समोरच्या दारात आल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकी दोन पायऱ्या चढून उभ्या राहिल्या. यावेळी कोणी हसत नव्हतं.

"टीचर, आता तुमचंच घेतो," तो हळूच म्हणाला.

मम्मी खुर्चीत बसली होती. ती उठली, हात पुढे केले. त्याने चौकट तिच्याभोवती धरली आणि तो ती लहान करत गेला. लहान, आणखी लहान. जुन्या मापापासून दोन बोटांवर तो थांबला. "एवढं तर पुरतंय आता," तो म्हणाला. "जुनंच माप जवळजवळ."

मम्मीने मान डोलावली. पप्पा खाली बघत होते.

मी आत गेले. कपाटातून ब्लाऊज काढला, आणि यावेळी वर्तमानपत्रात गुंडाळला नाही. बाहेर येऊन तो ग्रिलवाल्याच्या हातात दिला.

"ह्याच्या मापाने करा," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा अर्धाच निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. "ह्याच्या मापाने. चावी सापडली होती. दार माझ्या मापाचं होतं, मम्मीच्या नव्हतं. ती अडकली."

पप्पा म्हणाले, "पुरे." मी मम्मीकडे पाहू शकले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मग कठड्याला धरून हळूहळू खाली गेल्या.

ग्रिलवाल्याने ब्लाऊज जमिनीवर पसरला, टेप लावली. "आनि चार बोटं सैल ठेवतो," म्हणाला. मग तिथेच उकिडवा बसून राहिला. "मी इचारलं होतं, टीचर. मी सगळ्यांना इचारलं होतं." बाहेर पडताना तो ब्लाऊजची घडी नीट घालून पिशवीत ठेवत होता.

मम्मी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी होत्या. त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्राचा एक पुडा दिला. कापडासारखा मऊ. "त्याला दे," त्या कुजबुजल्या. "कुणाचा म्हणून सांगू नकोस. दुसरा मजला, एवढंच सांग." दोन दिवसांत असे आणखी तीन पुडे आले. ते मी सातिवलीला त्याच्या गाळ्यावर पोचवले. प्रत्येकावर मी फक्त मजला आणि खिडकी लिहिली होती.

त्या पहिल्या संध्याकाळी, काकी गेल्यावर, मम्मीने खुर्चीतून मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं आता ती रागावेल. तिला बोलायला वेळ लागला.

"तो ब्लाऊज," ती म्हणाली, "परत आणशील ना? मला लागेल."

मी तो आणला. तो आता कपाटात आहे. अजून तिला तो लागलेला नाही.

नवं दार मोठं आहे. आता ते उघडलं की पूर्ण माणूस मावेल एवढं आकाश दिसतं. मम्मी त्यातून सहज जाईल, दोनदा जाईल. पण खिडकीच्या कट्ट्यावर चढायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढायला श्वास लागतो. म्हणून दर रविवारी मिस्सा टीव्हीवर झाली की आम्ही सराव करतो. मी कुंड्या बाजूला करते. मम्मी चावी काढते, ती तिला डोळे मिटून सापडते. कुलूप उघडते, दार ढकलते. मग स्टुलावर एक पाय. मग दुसरा. कट्ट्यावर गुडघा टेकवेपर्यंत तिचे ओठ निळसर होतात. ती तिथेच बसते, गजाला धरून, आणि खालचं पार्किंग बघत राहते. मी मागे उभी असते, दोन्ही हात तिच्या पाठीपासून जरा लांब धरून, कारण तिला आधार दिलेला आवडत नाही.

मागच्या रविवारी तिने एक हात दाराबाहेर काढला. नुसता हात. बाहेर ऊन होतं. तळवा उलटासुलटा करून तिने ते बघितलं आणि हात आत घेतला.

"आज एवढंच," ती म्हणाली, आणि मी तिला खाली उतरवलं.